होम प्लेटमागच्या बाई

"थांब ना बाप्पा, अजून झालं कुठे?" असं म्हणून बाई समोरच्याकडे न बघताच हात आडवा धरायच्या आणि उठायला निघालेला माणूस पुन्हा खाली बसायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की सगळे कोट शोधायला लागतात. बाई नाहीत. सिनेमाच्या शेवटी नावं वर सरकू लागली की त्या चष्मा नीट करून ती वाचत बसायच्या. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याला कुठलीच गोष्ट अर्धी सोडवत नाही. लोक अशांना हसतात. मीही हसायचे.

इंग्लंडमधल्या रीडिंगमध्ये त्या माझ्या घरापासून दोन दारं पलीकडे राहायच्या. दोन हजारनंतरची ती वर्षं. आमच्या त्या लाल विटांच्या रस्त्यावर दर दोन-तीन महिन्यांनी पुण्या-मुंबईचं एखादं नवं कुटुंब उतरायचं आणि तितक्याच सहज एखादं निघून जायचं. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर आले होते, एकटीच.

एका रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला बेल वाजली. दारात पंचेचाळिशीच्या एक बाई उभ्या. ट्रॅक पँटवर सुती कुर्ता, पायात स्पोर्ट्स शूज, हातात स्वतःचा चहाचा कप.

"तुझा टीव्ही चालू आहे का? आमचा एरियल वाऱ्यानं पडला."

मी हो म्हणेपर्यंत त्या सोफ्यावर बसल्याही होत्या. तासभर त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. कार्यक्रम संपला, नावं संपली, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली, तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी अमरावतीची. तू?"

मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. त्या दिवसापासून माझं नाव 'पुणेकर' पडलं.

ती मालिका समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या जीवरक्षक बोटीवरच्या माणसांची होती. एक म्हातारा कप्तान, चार-पाच खलाशी आणि इंजिन सांभाळणारी एक फटकळ बाई. दर रविवारी कोणीतरी समुद्रात अडकायचं आणि ही माणसं आपली जेवणं, भांडणं, लग्नाची बोलणी टाकून बोटीकडे धावायची. बाईंचा जीव त्या इंजिनवालीवर होता. ती कोणाला सॉरी म्हणायची नाही आणि तिच्या नखांत कायम काळं ग्रीस असायचं. "हिचे हात पाहा," बाई म्हणायच्या. "नट्यांचे हात असे नसतात. कोणीतरी विचार करून दाखवून राहिलं ते."

बाईंचं इंग्रजीही त्या बोटीवरच तयार झालं होतं. अमरावतीला त्या मुलींच्या शाळेत वीस वर्षं पी.टी. शिकवत होत्या. नवऱ्याला कंपनीनं इकडे पाठवलं तेव्हा बिनपगारी रजा टाकून आल्या. इथे त्यांची पदवी चालेना, म्हणून त्यांनी प्राथमिक शाळेत डिनर लेडीची नोकरी धरली. मुलांना जेवण वाढायचं, मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायचं. एखादं पोर कस्टर्डचा ट्रे घेऊन डुगडुगत निघालं की बाई धीरगंभीर आवाजात म्हणायच्या, "स्टेडी नाऊ. लेट हर कम टू यू." हे कप्तानाचं वाक्य. शाळेच्या हेडनी एकदा त्यांना विचारलं होतं, तुमच्या घरी कोणी नौदलात होतं का?

बाईंचा रविवार असा संध्याकाळी बोटीवर संपायचा. पण दुपारी तो कुठे जायचा, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

त्याचं असं झालं, की बाजार करून बसनं परत येताना त्यांना खिडकीतून एक मैदान दिसलं. रग्बीच्या खांबांच्या पलीकडे काही माणसं बेसबॉल खेळत होती. बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढच्याच स्टॉपवर उतरल्या, मागे चालत गेल्या आणि जाळीच्या मागे उभ्या राहिल्या. मटण पिशवीत, ऊन डोक्यावर. मॅच संपली तेव्हा मटण टाकून द्यावं लागलं. घरी काय सांगितलं, विचारल्यावर म्हणाल्या, "बस चुकली म्हटलं. चुकवलीच होती, खोटं नाही बोलली."

मग त्या मलाही नेऊ लागल्या. आमच्यातल्या क्रिकेटवाल्या मंडळींना हे कळलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. अमरावतीची बाई, इंग्लंडात येऊन, अमेरिकेचा खेळ बघते. मला स्वतःलाही काही कळत नव्हतं. हौशी क्लब होता तो. कोणी शाळामास्तर, कोणी रंगारी, दोन-तीन परदेशी विद्यार्थी. कोच म्हणजे एक पोट सुटलेला प्लंबर, त्याच्या व्हॅनमधूनच बॅटी आणि बेसच्या चौकोनी गाद्या यायच्या. बघणारे आम्ही जेमतेम आठ-दहा जण, त्यात दोन कुत्री.

बाई घडीची खुर्ची बरोब्बर होम प्लेटच्या, म्हणजे बॅट मारणाऱ्यापाशी असलेल्या पांढऱ्या पाटीच्या मागे, जाळीला चिकटून टाकायच्या. बॅट मारणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. त्यांची नजर त्याच्या मागे उकिडवा बसलेल्या कॅचरवर. तो आमच्याच भागातला पोस्टमन होता, तिशीचा, उंच, लाजरा.

"पाहून राहिली का?" त्या मला विचारायच्या. "हा चेंडू पकडतो. पकडायचा नसतो, घ्यायचा असतो. येऊ द्यायचा आपल्यापाशी."

"तुम्हाला काय माहीत?" मी एकदा विचारलं.

त्यांनी उजव्या हाताची करंगळी माझ्यासमोर धरली. ती मधल्या पेराशी वाकडी होती. मला आजवर वाटायचं, दारात वगैरे सापडली असेल.

त्या स्वतः शाळेत शिकत होत्या तेव्हा एका नव्या मास्तरांनी सॉफ्टबॉल आणला. "क्रिकेटचा चेंडू आधीच पोरांचा होता," बाई म्हणाल्या. "हा नवा आला तेव्हा कोणाचाच नव्हता, म्हणून आम्हाला मिळाला." त्या कॅचर झाल्या, कारण बाकीच्या मुलींना तोंडावर जाळी बांधून धुळीत बसायला नको होतं. पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, रेल्वेनं दूरदूरच्या गावांना गेल्या. मग लग्न झालं. लग्नानंतर शाळेत शिकवलं, शिट्टी वाजवली, मुलींना पळवलं, पण स्वतः मास्क चढवला नाही. सासरी ह्या विषयावर कधी बोलणं निघालं नाही. नवऱ्याला ठाऊक होतं की हिला खेळाची आवड आहे. प्रमाणपत्रं माहेरच्या ट्रंकेत राहिली होती.

नवरा म्हणजे अत्यंत सज्जन, अबोल माणूस; मी त्यांना साहेब म्हणायचे. विम्याच्या कुठल्याशा प्रोजेक्टवर मॅनेजर. घरी गेलं की 'या' म्हणायचे आणि जाताना 'बरं' म्हणायचे. त्या दोन शब्दांच्या मध्ये वर्तमानपत्र.

त्या शरद ऋतूत मालिकेचं वाईट झालं. एका रविवारी वादळात बोट बाहेर पडली, इंजिनवाली इंजिनवर, कप्तान सुकाणूवर, आणि भाग संपला. पुढच्या रविवारी त्या जागी बागकामाचा कार्यक्रम लागला. प्रेक्षक कमी झाले म्हणून चॅनेलनं मालिका बंद केली, असं वर्तमानपत्रात कोपऱ्यात आलं होतं. मी ते कात्रण बाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग ती माणसं?"

मी म्हटलं, "बाई, ते नट आहेत. घरी गेले असतील."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. फक्त तीन रविवार सातला टीव्ही लावून बागकाम बघत बसल्या. चौथ्या रविवारी म्हणाल्या, पत्र लिहू या. मी इंग्रजीत लिहिलं, त्यांनी प्रत्येक वाक्य तपासलं. मालिका पुन्हा सुरू करा असं त्यांना म्हणायचंच नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनात पुढे काय होतं, ते दोन ओळींत कळवावं, एवढीच विनंती. महिन्यानं उत्तर आलं. पत्राबद्दल आभार आणि सोबत सगळ्या नटांच्या सह्यांचा रंगीत फोटो.

बाईंनी फोटो उलटसुलट पाहिला. "फोटो काहून पाठवला? बोट आली का, तेवढं सांगायचं होतं," असं म्हणून तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

हिवाळा गेला, मैदानावर पुन्हा चुन्याच्या रेषा पडल्या. एका मॅचला आम्ही बसलो असताना त्या आपणहून बोलल्या. मालिकेत लिहिणारा थकला की माणसं समुद्रात राहतात, म्हणाल्या. इथे कोणी थकलं तरी चालत नाही. नऊ डावांत तीन-तीन अशा सत्तावीस जणांना बाद करावंच लागतं, आणि तेवढ्यानं निकाल लागला नाही तर पुढे खेळत राहायचं. बरोबरीत सोडायची सोय नाही. म्हणून मला हे पाहावंसं वाटतं.

जूनमधल्या एका रविवारी बस बंद होत्या, त्यामुळे साहेबांनी आम्हाला गाडीनं मैदानावर सोडलं. दोन तास परत घरी कशाला जायचं म्हणून ते गाडीतच वर्तमानपत्र उघडून बसले. आम्ही खुर्ची मांडतो तोच कोच हातातल्या कागदाकडे बघत आमच्याकडे आला. पोस्टमनचा घोटा मुरगळला होता. दुसरा कॅचर सुट्टीवर होता. आठच माणसं होती, नववा मिळाला नाही तर मॅच सोडून द्यावी लागणार होती. गेलं वर्षभर जाळीमागून ज्या सूचना येत होत्या त्या त्याच्या कानावर जात होत्या, असं तो हसत म्हणाला. मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, बसाल का?

मला वाटलं, त्या नको म्हणून हात आडवा धरतील. पण त्यांनी त्याला इंग्रजीत एवढंच विचारलं, "मास्कचे पट्टे कमी होतात का?"

क्लबच्या फॉर्मवर वय लिहायचं होतं. बाईंनी पेन थांबवून मला मराठीत विचारलं, "खरं लिहू?" आणि खरंच लिहिलं. मग पंच आले. अंगावर कुठलाही दागिना चालणार नाही, म्हणाले. बाईंनी बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. कानातले काढले. मंगळसूत्राशी हात गेला तेव्हा त्या थांबल्या, आणि ते माझ्याकडे न देता सरळ गाडीकडे चालत गेल्या. काचेवर टकटक केलं. साहेबांनी काच खाली घेतली. बाईंनी गळ्यातून मंगळसूत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, काहीतरी दोन शब्द बोलल्या आणि परत आल्या.

मी गाडीकडे बघत होते. साहेब बराच वेळ तळहाताकडे पाहत बसले. मग वर्तमानपत्राची घडी न घालताच दार उघडून बाहेर आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मूठ मिटलेलीच.

मैदानात बाई पायाला ढाली बांधून, कुर्त्यावर छातीचं कवच चढवून होम प्लेटमागे बसल्या. पहिले दोन चेंडू त्यांच्या हातमोज्याला लागून खाली पडले. तिसरा त्यांनी घेतला. चौथ्यानंतर मला चेंडू मोज्यात शिरल्याचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि त्याच्या पाठोपाठ बाईंचा. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. कोण कुठे सरकायचं, चेंडू कुठे फेकायचा, किती जण बाद झाले, हे त्या इंग्रजी आणि वऱ्हाडीच्या मिश्रणात सगळ्या मैदानाला ओरडून सांगत होत्या. परदेशी विद्यार्थ्यांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं, तरी ते बरोबर सरकत होते.

चौथ्या डावात समोरच्या संघाचा एक तगडा मुलगा पहिल्या बेसवर होता. कॅचर म्हणून एक वयस्क बाई बसलेली बघून तो चेंडू टाकला जाताच जवळजवळ चालतच दुसऱ्या बेसकडे निघाला. बाई चेंडू घेऊन उठल्या आणि त्यांनी तो दुसऱ्या बेसकडे फेकला. तो सरळ पोचणं शक्य नव्हतं. सॉफ्टबॉलपेक्षा हे अंतर बरंच जास्त, हे त्यांनी बसून बसून मोजलेलं होतं. म्हणून त्यांनी तो मुद्दाम एक टप्पा देऊन टाकला. चेंडू जमिनीवर आपटून नेमका दुसऱ्या बेसवरच्या रंगाऱ्याच्या मोज्यात शिरला आणि तो तगडा मुलगा त्या मोज्यावर येऊन आदळला.

पंचांनी मूठ वर केली, बाद. दोन्ही कुत्री भुंकली. बाई मास्क वर करून पुढच्या चेंडूसाठी आपल्या माणसांना जागा दाखवत होत्या.

साहेब माझ्याशी त्या दिवशी प्रथमच दोन शब्दांपेक्षा जास्त बोलले. समोर बघत म्हणाले, "बावीस वर्षं झाली लग्नाला. हिला एवढा मोठा आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं."

मॅच आपण हरलो. कितीनं, ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना जिना उतरता येत नव्हता. शाळेत त्यांनी खुर्चीत बसून कस्टर्ड वाढलं.

त्या सहा रविवार खेळल्या. साहेबांनी स्वतःसाठी दुसरी घडीची खुर्ची आणली. ते नियमांचं पुस्तक छापून घेऊन बसायचे आणि पंचांचा निर्णय चुकला असं वाटलं की हळूच पान काढून मला दाखवायचे. दर वेळी मंगळसूत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं, आणि मॅच झाली की बाई घाम पुसून मान पुढे करायच्या.

पोस्टमन घोट्याला पट्टी बांधून बाईंच्या जुन्या जागी, जाळीमागे बसायचा. आता तो बघायचा आणि त्या दाखवायच्या.

ऑगस्टमध्ये साहेबांचं प्रोजेक्ट बंद झालं. कंपनीनं दोन आठवड्यांत परत बोलावलं. क्लबची शेवटची मॅच, जी जिंकली तर संघ वरच्या गटात जाणार होता, ती त्यांच्या विमानानंतर आठ दिवसांनी होती. मला वाटलं, बाई फार वाईट वाटून घेतील. त्यांनी शांतपणे भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, शाळेतल्या मुलांनी दिलेली चित्रं कपड्यांच्या मधोमध ठेवली. निघताना मला जिन्याशी धरून म्हणाल्या, "तू जाशील. पहिल्यापासून पाहशील. मग फोन कर, आणि शेवट आधी सांगू नको. मला पहिल्या चेंडूपासून पाहिजे."

मी गेले. वही घेऊन गेले. एकटीनं खुर्ची टाकली, आणि जे जे झालं ते लिहून काढलं. घरी येऊन अमरावतीला फोन लावला तेव्हा तिकडे जेवणाची वेळ होती. साहेबांनी फोन उचलला, 'या' म्हणाले, आणि बाईंना दिला. मी वाचत गेले. बाई मध्ये मध्ये विचारायच्या, वारा कुठून होता, रंगारी कुठे उभा होता. आपला संघ एका धावेनं पुढे असताना आठवा डाव संपला. नववा सुरू झाला आणि मी अडखळले.

कारण त्या डावात बरोबरी झाली, आणि त्यानंतर तिसऱ्या बेसवर समोरचा एक जण उभा असताना, घोटा बरा होऊन पुन्हा कॅचर झालेल्या पोस्टमनच्या हातून चेंडू निसटून मागे गेला होता. तेवढ्यात तो तिसऱ्या बेसवरचा होम प्लेटपर्यंत धावून आला. आपल्याला ती धाव फेडता आली नाही. मॅचनंतर पोस्टमन कोणाशी न बोलता निघून गेला होता. मी वहीत बघून म्हटलं, मग त्यांची एक धाव जास्त झाली. कशी, ते गाळलं.

तिकडे ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"पोस्टमनजवळून गेला ना?" बाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"कोणत्या बाजूनं?"

"उजव्या. चेंडू खाली जमिनीला लागला होता."

"बसला असेल टाचांवर. नवव्या डावात गुडघे भरून येतात, मग माणूस टाचांवर बसतो आणि जड होतो. त्याला सरकताच येत नाही." मग म्हणाल्या, "त्याला सांग, हाताची चूक नाही ती. टाचांची आहे. सुधारता येते. नक्की सांग, पुणेकर. हे सांगायचं राहिलं तर तो पुढच्या वर्षी येणार नाही."

त्यानंतर वर्षभर आमचे फोन झाले, मग कमी होत गेले. बाई पुन्हा शाळेत रुजू झाल्या. साहेबांनी एकदा ईमेल पाठवली होती: सकाळी सहाला मुलींचा सराव असतो, मी बॅटींची पिशवी घेऊन जातो आणि बाहेर खुर्ची टाकून बसतो, तब्येत बरी आहे. पुढे मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला गेले, पत्ते बदलले. बाईंना मी पुन्हा पाहिलेलं नाही.

निरोप मात्र मी दुसऱ्याच आठवड्यात दिला. शनिवारी सकाळी पोस्टमन आमच्या रस्त्यावर आला तेव्हा दारात उभी राहून त्याची वाट पाहिली. त्याच्या हातात बाईंच्या नावाचं गॅसचं शेवटचं बिल होतं. ते घर रिकामं असल्याचं त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ते माझ्याकडे दिलं आणि माझ्याकडे न बघताच वळला. मी त्याला थांबवून, बाई जे बोलल्या ते माझ्या इंग्रजीत, जमेल तसं सांगितलं. हात नव्हे, टाचा.

तो ऐकत राहिला. मग त्यानं पत्रांची पिशवी खांद्यावरून उतरवून फुटपाथवर ठेवली. बाईंच्या घराच्या बुटक्या भिंतीला एक हात लावून, तो त्या दोन कचऱ्याच्या डब्यांच्या मध्ये हळूहळू उकिडवा बसला आणि दुसरा हात पुढे करून त्यानं विचारलं, असं?

मी आयुष्यात कधी चेंडू हातात घेतलेला नाही. मी पायरी उतरून त्याच्या मागे गेले, वाकून पाहिलं, आणि म्हटलं, अजून थोड्या वर.

त्यानं टाचा उचलल्या.